औदुंबराच्या आठ ओळी : वृत्त, यमक आणि घाट यांच्या नोंदी

३ जून २०२४

आमच्या वाचनगटाने या पावसाळ्यात दर महिन्याला एकच कविता घ्यायची, आणि तिचा अर्थ, कवीचे चरित्र, टीकाकारांची मते या सगळ्यांच्या आधी तिचे वृत्त, यमक आणि घाट (रचनेचा आकार) नीट तपासायचा, असे ठरवले आहे. पहिले टिपण माझ्याकडे आले आणि मी बालकवींची ‘औदुंबर’ निवडली. या कवितेतला औदुंबर म्हणजे उदासी, विरक्ती, की नुसतेच पाण्याकाठचे झाड, यावर आपल्याकडे इतके बोलले गेले आहे की त्या आठ ओळी मोजून पाहण्याचे काम मागेच पडते. मला ते काम आधी करायचे आहे. शाळेपासून पाठ असलेली कविता मी न पाहता वहीत उतरवून काढली ती अशी:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनी चालली काळ्या डोहाकडे
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर

या उताऱ्यात दोन जागी माझ्या स्मरणाने किंवा सवयीने दगा दिला असावा अशी शंका लिहितानाच आली होती. ती पुस्तकात बघून लगेच मिटवायची नाही, मात्रा मोजूनच तिचा निकाल लावायचा, असे ठरवले.

४ जून

पहिला प्रश्न हा की कविता अक्षरगणवृत्तात आहे की मात्रावृत्तात. कान सांगतो मात्रावृत्त, पण कानाचे म्हणणे आकड्यांनी पक्के करायला हवे. ओळीमागे अक्षरे मोजली तेव्हा सहावी ओळ कशीही लिहिली तरी संख्या अनुक्रमे १९, १६, १८, १७, १९, १८, १८, १८ अशी आली (‘घेऊन’ लिहा वा ‘घेउन’, ‘मधुनी’ लिहा वा ‘मधुनि’, अक्षरे तेवढीच राहतात). भुजंगप्रयात किंवा मालिनी यांसारख्या वृत्तांत प्रत्येक चरणात अक्षरे सारखी असतात आणि लघुगुरूंचा, म्हणजे आखूड-लांब अक्षरांचा, क्रमही ठरलेला असतो. इथे दुसरी ओळ १६ अक्षरांची आणि पहिली १९ अक्षरांची असूनही म्हणताना दोन्हींना सारखाच वेळ लागतो. तेव्हा माप अक्षरांचे नाही, मात्रांचे, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळाचे आहे. आजचे काम एवढ्यावर थांबले.

६ जून

मात्रा मोजण्यासाठी गणिताची चौकटींची वही घेतली. लघू अक्षराला एक चौकट, गुरू अक्षराला दोन, आणि आठ-आठ चौकटींनंतर तांबडी उभी रेघ. ही पद्धत संथ आहे, पण आकड्यांच्या बेरजेत जे दिसत नाही ते तिच्यात दिसते: कोणता शब्द रेघेच्या अलीकडे संपतो आणि कोणता रेघेने मधोमध चिरला जातो.

तिसरी ओळ सर्वांत आधी बसली. ‘चार घरांचे’ ८, ‘गाव चिमुकले’ ८, ‘पैल टेकडी’ ८, आणि उरलेले ‘कडे’ ३, एकूण २७. चौथी ओळही तशीच: ‘शेतमळ्यांची’ ८, ‘दाट लागली’ ८, ‘हिरवी गर्दी’ ८, ‘पुढे’ ३. पाचवी २७. सहावी मात्र २८ भरली, आणि नुसती एक मात्रा जास्त झाली एवढेच नाही, तर ‘चालली’ हा शब्द सोळाव्या चौकटीत संपायचा तो सतराव्या चौकटीत गेला. बाकी सगळ्या ओळींत सोळाव्या मात्रेवर शब्द पूर्ण होत असताना याच ओळीत तो पुढे सरकावा याला काही कारण नव्हते. दोष ‘मधुनी’तल्या दीर्घ ‘नी’चा होता. तिथे ‘मधुनि’ हवे. पाचव्या ओळीत ‘तयांतुनि’ आपण ऱ्हस्वच म्हणतो आणि लिहितो, पण पुढच्याच ओळीत जीभ गद्याच्या सवयीने ‘नी’ लांबवते. संध्याकाळी छापील प्रत काढून पाहिली, तीत ‘मधुनि’च आहे. इतकी वर्षे मी ही ओळ एका मात्रेने चुकीची म्हणत आले, हे वहीने दाखवून दिले.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा असतो, परंतु वृत्ताच्या बंधनासाठी ऱ्हस्व-दीर्घाबाबत कवीला त्याच नियमांनी मोकळीक ठेवली आहे. ही कविता तर त्या नियमांच्या कितीतरी आधीची, कारण बालकवी १९१८ मध्येच गेले. म्हणून जुन्या कवितेचे ‘शुद्धलेखन’ सुधारणाऱ्याने आधी मात्रा मोजाव्यात असे मला मनापासून वाटते. एक वेलांटी बदलली की ओळीचा तोल जातो, आणि तो कुठे गेला हे वाचणाऱ्याला कळतही नाही.

७ जून

भाच्याने संगणकावर मात्रा मोजणारी एक छोटी आज्ञावली लिहून दिली. ‘मावशी, आता वही बाजूला ठेव,’ असे तो म्हणाला, पण पहिल्याच फेरीत तिने चौथी आणि दुरुस्त केलेली सहावी ओळ २८ मात्रांची दाखवली. कारण शोधायला वेळ लागला नाही. जोडाक्षराआधीचे लघू अक्षर गुरू होते हा नियम आज्ञावलीने सरसकट लावला होता, त्यामुळे ‘मळ्यांची’मधला ‘म’ आणि ‘हिरव्या’मधला ‘र’ तिने गुरू धरले. मराठीत हा नियम आघातावर चालतो. ‘गर्दी’ म्हणताना ‘ग’वर आघात येतो, म्हणून तो गुरू. ‘मळ्यांची’ म्हणताना ‘म’वर आघात येत नाही, म्हणून तो लघूच राहतो.

भाच्याला हे पटवण्यासाठी नेहमीचे उदाहरण दिले. ‘पुण्य’ या शब्दापासून झालेल्या ‘पुण्याला’मध्ये ‘पु’ गुरू आणि ‘पुणे’ या गावापासून झालेल्या ‘पुण्याला’मध्ये तो लघू. लेखन एकच, मात्रा वेगळ्या. यंत्राला अक्षरे दिसतात, आघात ऐकू येत नाही. ‘ळ्य’, ‘व्य’, ‘च्य’ यांसारखी जोडाक्षरे सामान्यरूपातून आली असतील तर मागचे अक्षर लघू धरावे, असा अपवाद त्याने घातला आणि मग दोन्ही ओळी २७ वर आल्या. तरीही वहीतली मोजणी हीच मुख्य मानायची, आज्ञावलीने फक्त पडताळा घ्यायचा.

९ जून

आता ओळींच्या शेवटाचा प्रश्न. तिसऱ्या ते सहाव्या ओळींच्या शेवटी ‘कडे, पुढे, पडे, कडे’ आहे. चारही ठिकाणी एक लघू, एक गुरू, मिळून तीन मात्रा. सातव्या आणि आठव्या ओळींच्या शेवटी ‘वर’ आणि ‘बर’ आहे. ते चौकटीत भरले तर दोनच मात्रा होतात आणि ओळ २६ वर थांबते. चरणाच्या शेवटचे लघू अक्षर गरजेप्रमाणे गुरू धरावे ही जुनी सवलत इथे लागते, आणि ती कागदावरची सवलत नाही, म्हणताना ती आपोआप घडते. ‘लाटांवर’ म्हणताना शेवटचा ‘र’ आपण तोडत नाही, ‘वऽर’ असा रेंगाळतो. म्हणजे ‘वर’ आणि ‘बर’ यांचाही लगक्रम ‘लघू, गुरू’ असाच होतो.

राहिली पहिल्या दोन ओळींची अवघड गाठ. दुसऱ्या ओळीचे ‘तुन’ हेही ‘वर’प्रमाणेच लघू-लघू, म्हणजे शेवटचे गुरू धरून तीन मात्रा. पण पहिल्या ओळीत मी ‘घेऊन’ लिहिले आहे. दीर्घ ‘ऊ’ घेतला तर शेवट ‘ऊन’, म्हणजे गुरू-लघू. तीन मात्रा भरतात, बेरीज २७ येते, त्यामुळे हा पाठ मोजणीत पकडला जात नाही. मात्र लगक्रम उलटा होतो. आठ ओळींपैकी सात ओळी लघूवरून गुरूवर संपतात आणि पहिलीच तेवढी गुरूवरून लघूवर संपते. शिवाय ‘ऊन’ आणि ‘तुन’ यांचे यमक ऱ्हस्व-दीर्घात अडखळते. ‘घेउन’ असा ऱ्हस्व पाठ घेतला तर ‘उन’ आणि ‘तुन’ जुळतात आणि आठही ओळींचे शेवट एका मापाचे होतात. दोन्ही रूपे छापलेली आढळतात. मी ‘घेउन’ स्वीकारते. बेरीज बरोबर आली म्हणजे पाठ बरोबर आहे असे नसते. शेवटची अक्षरे कोणत्या क्रमाने येतात तेही पाहावे लागते, ही या नोंदीतली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट आहे.

१० जून

वृत्ताच्या नावाविषयी एक लहान नोंद. आठ मात्रांच्या आवर्तनावर चालणाऱ्या रचनेला माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त पद्मावर्तनी म्हटले आहे. आठ, आठ, आठ आणि शेवटी तीन अशा २७ मात्रांच्या ओळीसाठी समुदितमदना, सूर्यकांत ही नावे जातींच्या, म्हणजे मात्रावृत्तांच्या, यादीत येतात. टिपणात नाव देईन, पण त्याच्या शेजारी ८-८-८-३ ही मांडणीही देईन, कारण नाव सांगितल्याने वाचणाऱ्याच्या कानात काही वाजत नाही आणि मांडणी सांगितली की तो टाळी देऊन ओळ म्हणून पाहू शकतो.

१२ जून

आज तांबड्या रेघांकडे नीट पाहिले. सोळाव्या मात्रेवरची रेघ आठही ओळींत शब्दाच्या शेवटी पडते: तटावर, वाहतो, चिमुकले, लागली, तयांतुनि, चालली, काळिमा, बसला. एकही अपवाद नाही. म्हणजे मुख्य यती (ओळीतला थांबा) सोळावर आहे आणि कवीने ती कटाक्षाने पाळली आहे. ओळ १६ आणि ११ अशी दोन श्वासांत म्हटली जाते.

आठव्या मात्रेवरची रेघ मात्र वेगळे काही सांगते. पहिल्या चार ओळींत आणि शेवटच्या दोन ओळींत तीही शब्दाच्या शेवटी पडते: ऐल तटावर, निळासावळा, चार घरांचे, शेतमळ्यांची, झांकळुनी जळ, पाय टाकुनी. फक्त पाचव्या आणि सहाव्या ओळींत ती शब्दातून जाते. पाचव्या ओळीत आठ मात्रा ‘पायवाट पां’ इथे भरतात आणि पुढचा गट ‘ढरी’पासून सुरू होतो. ‘पांढरी’ हा शब्द मधोमध चिरला जातो. सहाव्या ओळीत रेघ ‘कुरणां’ आणि ‘मधुनि’ यांच्यामध्ये पडते. तिथे नाम आणि शब्दयोगी अव्यय यांची सांधेजोड आहे, म्हणून धक्का सौम्य बसतो, पण शब्द सलग लिहिला आणि म्हटला जातो हे खरेच.

या दोन ओळी पायवाटेच्या आहेत. आठ ओळींमध्ये आठव्या मात्रेवरचा थांबा नेमका त्याच दोन ओळींत मोडतो जिथे वाट ‘अडवीतिडवी’ पडते आणि कुरणांतून डोहाकडे चालू लागते. बालकवींनी हे ठरवून केले असे मी म्हणणार नाही. कवीच्या मनात काय होते हे चौकटींची वही सांगू शकत नाही. पण म्हणणाऱ्याच्या तोंडाला ते जाणवते एवढे निश्चित. चार ओळी ठरावीक जागी टेकत आलेली जीभ इथे टेकायला जाते आणि तिला जागा मिळत नाही, म्हणून ती तशीच पुढे जाते. सकाळपासून ही ओळ मी वीसेक वेळा म्हणून पाहिली आणि प्रत्येक वेळी ‘पां’वर तोच अनुभव आला.

१३ जून

कालच्या शोधाचा आनंद ओसरल्यावर तो पुन्हा तपासला. ‘तयांतुनि’ऐवजी ‘तयांतुनी’ घेतले तर काय होते तेही पाहिले. पहिला भाग १७ मात्रांचा होतो आणि मुख्य यती बिघडते, म्हणून तो पाठ बाद. ‘पांढरी पायवाट’ असा क्रम बदलला तरी मात्रा तेवढ्याच राहतात, पण मग आठवी मात्रा ‘पायवाट’च्या पहिल्या तीन मात्रांशी पडते, म्हणजे ‘पांढरी पाय’ हे आठ आणि ‘वाट’ पुढच्या गटात. शब्द चिरला जातोच, मात्र जोडशब्दाच्या सांध्यावर. कवितेतला क्रम हा जास्त खोल चिरणारा आहे.

१६ जून

आता गटाच्या आतला भाग. आठ मात्रा दोन प्रकारे भरता येतात: चार आणि चार, किंवा तीन, तीन आणि दोन. ‘झांकळुनी जळ’ हा गट ‘झांकळु / नीजळ’ असा चार-चारात सरळ दुभागतो. ‘पाय टाकुनी’ तसा दुभागत नाही, कारण चौथी मात्रा ‘टा’च्या पोटात जाते, तो ‘पाय / टाकु / नी’ असा तीन-तीन-दोन चालतो. एकूण २४ गट तपासले, त्यांत १६ चार-चारचे आणि ८ तीन-तीन-दोनचे, म्हणजे तिरपे, निघाले.

तुलनेसाठी केशवसुतांच्या ‘तुतारी’च्या (१८९३) सुरुवातीच्या चार ओळी घेतल्या. तिथेही आवर्तन आठ मात्रांचेच आहे, ओळ १६ मात्रांची. ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ या ओळीपासून ‘दीर्घ जिच्या त्या किंकाळीने’पर्यंतचे आठही गट चार-चारचे आहेत, एकही तिरपा नाही. तुतारीची ओळ पावले टाकत येते ती यामुळे. (‘जिच्या’मधला ‘जि’ लघू धरला तरच ती ओळ बसते, हाही आघाताच्या नियमाला आणखी एक दाखला मिळाला.) एकाच मापाच्या घरात राहून दोन कविता इतक्या वेगळ्या चालतात, आणि तो फरक गटाच्या आत, चौथ्या मात्रेवर शब्द काय करतो यात आहे.

‘औदुंबर’मध्ये तिरपे गट सारखे वाटलेले नाहीत. पहिल्या ओळीत एकही नाही. तिसरीपासून आठवीपर्यंत प्रत्येकीत एकेक आहे. दोन आहेत ते फक्त दुसऱ्या ओळीत: ‘निळासावळा झरा वाहतो’. ती ओळ वाहत्या झऱ्याची आहे.

पहिल्या दोन ओळींची आणखी एक गंमत वहीत दिसली. ‘ऐल तटावर’ आणि ‘पैल तटावर’ यांचा लगक्रम तंतोतंत एक आहे, हे शब्दच जुळे असल्यामुळे उघड आहे. पण ‘निळासावळा’ आणि ‘झरा वाहतो’ यांचाही लगक्रम अक्षर-अक्षर सारखाच आहे: लघू, गुरू, गुरू, लघू, गुरू. शब्द वेगळे, अर्थ वेगळा, मात्र साचा एक. दोन तीर एका मापाचे आणि मधल्या पाण्याच्या दोन लाटाही एका मापाच्या. पुढच्या सहा ओळींत असे शेजारचे जुळे गट पुन्हा येत नाहीत.

आणि ज्यांत चारही अक्षरे गुरू आहेत असे गट संपूर्ण कवितेत दोनच आहेत, ‘बेटाबेटां’ आणि ‘काळ्या डोहा’. दोन्ही ओळीच्या तिसऱ्या गटात येतात. झरा बेटांमध्ये शिरताना आणि वाट डोहाजवळ पोहोचताना ओळ जड होते. सहावी ओळ याच कारणाने मला फार आवडते. तिच्या पहिल्या भागात १२ अक्षरे लगबगीने जातात आणि दुसऱ्या भागात सहाच अक्षरे उरतात.

२० जून

यमकांचा विचार मुद्दाम मागे ठेवला होता, कारण डोळ्यांना तो सर्वांत आधी दिसतो आणि मग बाकीचे दिसेनासे होते.

मांडणी दोन-दोन ओळींची आहे: उन–तुन, कडे–पुढे, पडे–कडे, वर–बर. यांत ‘कडे–पुढे’ हे यमक कच्चे आहे, ‘ड’ आणि ‘ढ’ यांत महाप्राणाचे अंतर आहे आणि आधीचे स्वरही वेगळे आहेत. ‘पडे–कडे’ पक्के. शिवाय तिसऱ्या आणि सहाव्या ओळींच्या शेवटी ‘कडे’ हाच शब्द आहे. कागदावर ही दोन जोडपी असली तरी ऐकताना तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत चारही ओळी एकाच ‘ए’काराने संपतात. म्हणून कानाला यमकांचे गट दोन, चार, दोन असे येतात.

आता यमक ज्या अक्षरांवर पडते ती नुसती वेगळी काढून ओळीने लिहिली: उन, तुन, कडे, पुढे, पडे, कडे, वर, बर. प्रत्ययांवर आणि अव्ययांवर बांधलेले यमक सोपे असते म्हणून हलके मानले जाते, आणि मीही विद्यार्थ्यांच्या कवितांत त्यावर खूण करत आले आहे. इथे मात्र आठांपैकी पाच शेवट स्थळ किंवा दिशा दाखवणारे आहेत: मधून, कडे, पुढे, कडे, वर. या ओळींच्या टोकाला, शेवटच्या तीन मात्रांत, कवी बोट दाखवतो. टेकडीकडे गाव, त्याच्या पुढे शेते, डोहाकडे वाट, लाटांवर काळिमा. आणि आठवी ओळ? तिच्या टोकाला अव्यय नाही, क्रियापद नाही. तिथे नामाचा शेवट आहे. पाच ओळींत कुठे, कुठून, कुठल्या बाजूला असे दाखवत आलेले यमक ‘वर’शी जुळत ‘औदुंबर’वर येऊन थांबते. यमकाच्या जागी आलेले आठ ओळींतले हे एकमेव नाम.

आतल्या नादाच्याही काही नोंदी केल्या. ‘टेकडीकडे’त ‘कडी–कडे’ हा पडसाद आहे. ‘बसला असला’मध्ये ‘सला’ सोळाव्या मात्रेच्या दोन्ही बाजूंना पुन्हा येतो, त्यामुळे तिथली यती पाळली जाऊनही तुटल्यासारखी वाटत नाही. ‘ळ’ एकूण नऊ वेळा आला आहे, त्यांतले तीन एकट्या सातव्या ओळीत: झांकळुनी, जळ, काळिमा. गावाच्या आणि वाटेच्या, म्हणजे तिसऱ्या आणि पाचव्या, ओळींत एकही ‘ळ’ नाही.

२४ जून

आईला कविता म्हणायला सांगितली आणि फोनवर ध्वनिमुद्रण केले. तिला ती शाळेत चालीवर शिकवली होती. तिने डोळे मिटून, मांडीवर हलका ठेका धरत म्हटली. ठेका पहिल्या, नवव्या आणि सतराव्या मात्रेवर पडत होता, आणि शेवटच्या तीन मात्रांनंतर ती पाच मात्रांएवढी थांबून पुढची ओळ उचलत होती. म्हणजे चालीत ओळ ३२ मात्रांची चार आवर्तने पूर्ण करते, त्यांतली २७ शब्दांची आणि उरलेली विसाव्याची. हे मी वहीत पाहू शकले नसते.

‘पांढरी’शी काय होते ते ऐकण्यासाठी मी कान टवकारले होते. तिचा हात ‘ढ’वर पडला. मी तिला थांबवून विचारले, ‘आई, इथे अवघड जातं का गं?’ ती म्हणाली, ‘अगं, तिथे थांबायचंच नसतं. वाट आहे ना ती.’ तिला मी माझ्या नोंदींतले काहीही सांगितले नव्हते.

तिनेही ‘मधुनी’च म्हटले. पण ‘चा’ तिने अर्धा करून म्हटला आणि ठेका सावरून घेतला. पाठांतराची चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती अशी. चाल ती झाकून घेते.

२८ जून

घाटाविषयी. एक सलग कडवे, आठ ओळी. सुनीत (सॉनेट) या काव्यप्रकाराच्या १४ ओळींशी किंवा त्याच्या वळणाशी याचा संबंध लावण्याचे कारण नाही, आणि कडव्याकडव्यांनी जाणारे हे गीतही नाही. यमकांनी कानाला दिलेला दोन-चार-दोन हा आकार आशयाशी ताडून पाहिला. पहिल्या दोन ओळी झऱ्याच्या. मधल्या चार गाव, शेते, वाट आणि कुरण यांच्या, म्हणजे जमिनीच्या. शेवटच्या दोन डोहाच्या आणि औदुंबराच्या. पाणी, जमीन, पाणी. सहावी ओळ ‘डोहाकडे’ या शब्दाने जमीन संपवते आणि यमक नेमके त्याच जागी बदलते.

वाक्यरचनाही याला धरून आहे. पहिल्या दोन ओळींचे एक वाक्य. गावाची ओळ क्रियापदाशिवाय उभी. शेतांचे वाक्य एका ओळीत. वाटेचे दोन ओळींत. सातव्या ओळीत ‘पसरी’चा कर्ता कोण हे ओळ संपेपर्यंत कळत नाही. काळिमाच लाटांवर पसरतो असेही वाचता येते, आणि औदुंबर तो पसरवतो असेही. दुसरा अर्थ घेतला तर कर्ता आठव्या ओळीच्या अगदी शेवटच्या शब्दात, २७ मात्रांच्या टोकाला सापडतो. वृत्त या दोन्ही अर्थांना सारखेच मोकळे आहे, म्हणून टिपणात दोन्ही नोंदवते. मला स्वतःला दुसरा अर्थ जवळचा वाटतो, कारण मग शेवटच्या दोन ओळी पहिल्या दोन ओळींप्रमाणे एका वाक्यात बांधल्या जातात.

२ जुलै

गटासाठी दोन पानांचे टिपण तयार केले. पहिल्या पानावर चौकटींतली कविता, ‘घेउन’ आणि ‘मधुनि’ या पाठांसह, यतीच्या रेघा तांबड्या. दुसऱ्या पानावर वरच्या नोंदींचा सार आणि तिरप्या गटांची खूण. दोन-चार-दोन हा आकार डोळ्यांना दिसावा म्हणून दुसऱ्या आणि सहाव्या ओळींनंतर एकेक ओळ मोकळी सोडावी असे आधी वाटले होते, तसा एक मसुदा छापूनही पाहिला. पण मोकळ्या जागेने वाट डोहाशी पोहोचण्याआधीच तुटते. ‘डोहाकडे’ नंतर ‘झांकळुनी’ लगेच यायला हवे. छापील प्रतीत ती सलग आहे, तशीच सलग ठेवली.